मेजर थॉमस कँडी

मेजर थॉमस कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडमध्ये झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात नोकरी करण्यासाठी ते तरुणपणीच भारतात आले आणि येथे मराठी शिकले. कॅप्टन मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाला थॉमस व त्यांचे जुळे बंधू जॉर्ज यांनी साहाय्य केले. हा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला.

नंतर मोल्सवर्थ यांनी इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला. परंतु प्रकृती बिघडल्याने १८३६ साली ते मायदेशी परतले. अपुरे राहिलेले ते काम कँडी यांनी स्वीकारले. काम सोपे नव्हते. 'लाइट' हा साधा इंग्रजी शब्द घेतला, तरी त्याचा अर्थ कुठे उजेड, कुठे दिवा, कुठे हलका, तर कुठे पेटवणे असा होतो. एका शब्दापुढे एकच प्रतिशब्द लिहून भागत नाही. वाक्यातील उपयोगावरूनच अर्थ ठरतो. अशा हजारो शब्दांचे अर्थ लावून कँडी यांनी कोश पूर्ण केला. तो १८४७ साली प्रसिद्ध झाला.

पुढे शालेय पुस्तकांची मराठी तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे मराठी इंग्रजी वळणाचे आहे, अशी टीका मात्र झाली. १८७७ साली महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले. शब्दाचा अर्थ कळणे आणि तो शब्द आपलासा होणे यांतील अंतर किती मोठे असते, हे कँडी यांच्या जीवनावरून दिसते.