स्नायूंच्या हालचालीचे गूढ उकलणारे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी

'क' जीवनसत्त्वाचे संशोधक म्हणून हंगेरीचे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांचे नाव जगभर परिचित आहे. मात्र त्यांच्या कार्याचा दुसरा आणि तितकाच मोलाचा भाग सर्वसामान्यांना फारसा ठाऊक नाही. हात उचलणे, पाऊल टाकणे, श्वास घेणे या नित्याच्या क्रियांमागे स्नायूंचे आकुंचन असते. हे आकुंचन कोणत्या द्रव्यांमुळे घडते, याचे उत्तर त्यांच्या प्रयोगशाळेत मिळाले, आणि तेही दुसऱ्या महायुद्धाचा वणवा पेटलेला असताना.

सेंट-ग्यॉर्गी यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. त्यांच्या आईच्या घराण्यात विद्वत्तेची परंपरा होती. मामा मिहाय लेनहोशेक हे नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञ होते. वैद्यकीय शिक्षण सुरू असतानाच पहिले महायुद्ध भडकले आणि अल्बर्ट यांना आघाडीवर जावे लागले. तेथे त्यांना शौर्यपदक मिळाले. परंतु डोळ्यांसमोर चाललेल्या निरर्थक संहाराने त्यांचे मन विटले. १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली आणि जखमी सैनिक म्हणून ते घरी परतले. पुढल्याच वर्षी ते डॉक्टर झाले. युद्धाविषयीचा हा तिटकारा त्यांच्या मनात अखेरपर्यंत राहिला.

त्यानंतर निरनिराळ्या देशांत अभ्यास करीत ते इंग्लंडमधील केंब्रिजला पोहोचले. तेथे १९२७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. अधिवृक्क ग्रंथी, संत्री आणि कोबी यांतून त्यांनी एक आम्लधर्मी पदार्थ वेगळा केला होता. मायदेशी सेगेद विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर हाच पदार्थ 'क' जीवनसत्त्व असल्याचे १९३२ मध्ये स्पष्ट झाले. सेगेदच्या परिसरात मुबलक पिकणाऱ्या पाप्रिका मिरचीतून त्यांनी तो मोठ्या प्रमाणात मिळविला. याच सुमारास कबुतराच्या छातीचे स्नायू बारीक वाटून पेशींमधील ज्वलनक्रियेचा अभ्यासही सुरू होता. या दोन्ही कामांसाठी त्यांना १९३७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पुढे युद्धाने होरपळलेल्या फिनलंडच्या मदतीसाठी त्यांनी आपले नोबेल पदकही देऊन टाकले.

नोबेलनंतर मानसन्मानात रमण्याऐवजी त्यांनी नवा विषय हाती घेतला. जीवन म्हणजे काय, हा प्रश्न त्यांना सतत खुणावत असे, आणि हालचाल हे जीवनाचे सर्वांत ठळक लक्षण. म्हणून ते स्नायूंकडे वळले. माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग सांगाड्याला जोडलेल्या स्नायूंचा असतो. असा स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्यांचा गठ्ठा. प्रत्येक तंतूत शेकडो सूक्ष्म तंतुके असतात आणि त्यांवर गडद व फिकट पट्टे आलटून पालटून दिसतात. ही रचना सूक्ष्मदर्शकाने पूर्वीच दाखविली होती. स्नायूत मायोसिन नावाचे प्रथिन असते, हेही माहीत होते. १९३९ मध्ये एंगेलहार्ट आणि ल्युबिमोवा या रशियन संशोधकांनी, मायोसिन हे एटीपी म्हणजेच अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट या ऊर्जावाहक रेणूचे विघटन करते, असे दाखवून दिले. मात्र या विघटनातून प्रत्यक्ष हालचाल कशी निर्माण होते, हे कोडे कायम होते.

सेगेदमध्ये सशाचा स्नायू वाटून मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवला जाई. थोड्या वेळात गाळल्यास पातळ अर्क मिळे. रात्रभर तसाच ठेवल्यास मात्र तो दाट आणि चिकट होई. सहकारी इलोना बांगा यांच्यासमवेत काम करताना लक्षात आलेला हा फरक सेंट-ग्यॉर्गी यांनी क्षुल्लक मानला नाही. दाट अर्कात मायोसिनखेरीज आणखी काही असले पाहिजे, असा त्यांचा कयास होता. त्यांचे तरुण सहकारी फेरेन्ट्स श्ट्राउब यांनी १९४२ मध्ये ते दुसरे प्रथिन वेगळे केले. त्याला अ‍ॅक्टिन असे नाव देण्यात आले.

या दाट प्रथिनाचे बारीक धागे बनवून त्यांवर स्नायूंचा उकळलेला रस टाकला, तेव्हा ते धागे झपाट्याने आखडले. रसातील परिणामकारक द्रव्य एटीपी होते. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, केवळ प्रथिने आणि एक रसायन यांच्या संयोगातून आकुंचन घडले होते. सेंट-ग्यॉर्गी यांच्या लेखी हा आयुष्यातील सर्वांत रोमांचक क्षण होता. एटीपी संपले की स्नायू सैल पडत नाही, उलट ताठ होतो, हेही सेगेदच्या अभ्यासातून पुढे आले. मृत्यूनंतर शरीराला येणाऱ्या ताठरपणाचे कारण हेच. एटीपी हे आकुंचनासाठी लागते, तसेच दोन प्रथिनांची पकड सुटण्यासाठीही लागते.

हे सारे निष्कर्ष १९४१ ते १९४३ या काळात सेगेदमधूनच प्रसिद्ध झाले. पण युद्धामुळे ते पाश्चात्त्य शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचण्यास विलंब लागला. १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने सेंट-ग्यॉर्गी इस्तंबूलला गेले आणि हंगेरीला जर्मनीच्या तावडीतून सोडविण्यासाठी त्यांनी दोस्त राष्ट्रांच्या हेरांशी गुप्तपणे संपर्क साधला. ही बातमी फुटली आणि हिटलर त्यांच्यावर खवळला. युद्धाच्या अखेरच्या पर्वात गेस्टापोला चुकवीत त्यांना लपूनछपून राहावे लागले. या संकटात स्वीडनच्या वकिलातीने त्यांना आश्रय दिला. युद्धोत्तर सोव्हिएत वर्चस्वाखालीही मोकळेपणाने काम करता येणार नाही, हे ओळखून १९४७ मध्ये त्यांनी अमेरिकेची वाट धरली.

मॅसॅच्युसेट्समधील वूड्स होल या समुद्रकाठच्या गावी त्यांनी स्नायुसंशोधन संस्था उभारली. सशाचे स्नायू ग्लिसरीनमध्ये ठेवल्यास महिनोन्‌महिने टिकतात आणि एटीपी देताच जिवंत स्नायूइतक्याच जोराने आकुंचन पावतात, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखविले.

प्रथिनांचे रेणूच आखडत असावेत, अशी त्यांची कल्पना होती. ती पुढे टिकली नाही. १९५४ मध्ये अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे दाखविले की, तंतुकांमधील प्रथिनांचे धागे आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. विशेष म्हणजे यांपैकी ह्यू हक्सली व हॅन्सन यांनी वापरलेले स्नायू ग्लिसरीनमध्ये जतन केलेलेच होते. मज्जातंतूचा संदेश येताच स्नायूत कॅल्शियम मुक्त होते. त्यामुळे अ‍ॅक्टिनवरील अडसर दूर होतो. मग मायोसिनची टोके अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, एटीपी मिळताच सोडतात आणि पुन्हा पकडतात. गुरुकिल्ली सेगेदला सापडली. कुलूप मात्र इतरांनी उघडले.

उत्तरायुष्यात त्यांनी कर्करोगाच्या संशोधनाला वाहून घेतले. त्या कामाला निर्णायक यश लाभले नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्यांनी शस्त्रस्पर्धेला उघड विरोध केला आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द क्रेझी एप' या पुस्तकात मानवजातीच्या आत्मघातकी वृत्तीवर टीका केली. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, वूड्स होल येथे त्यांचे निधन झाले. सेगेदच्या वैद्यकीय विद्याशाखेला आज त्यांचे नाव आहे. पहिल्या महायुद्धात शस्त्र खाली ठेवण्यासाठी स्वतःचा दंड जखमी करणाऱ्या या माणसाने दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, त्या दंडाला बळ कोठून मिळते, हे जगाला सांगितले.