नंद थेर : मनातले मांडे खाणारा राजपुत्र

वर्षावासात आपल्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर कोणीतरी एक गोष्ट सांगतो. आनंद, राहुल, अंगुलीमाल, उपाली ही नावे त्यामुळे लहान मुलांनाही पाठ झाली आहेत. नंदाचे नाव मात्र मागे पडते. आम्हांला तो सर्वांत जवळचा वाटतो. शरीर एका जागी आणि मन भलतीकडेच, हा आपला सगळ्यांचा रोजचा अनुभव. नंदाचेही तसेच होते.

नंद हा राजा शुद्धोदन आणि महाप्रजापती गौतमी यांचा मुलगा. म्हणजे सिद्धार्थाचा सावत्र भाऊ, आणि आया सख्ख्या बहिणी असल्यामुळे मावसभाऊसुद्धा. गौतमीने सिद्धार्थाला स्वतःचे दूध पाजले आणि पोटचा नंद दाईकडे दिला, असे अट्ठकथेत आहे. थोरला घर सोडून गेल्यावर बापाची सगळी आशा साहजिकच या धाकट्यावर बसली.

संबोधीनंतर तथागत प्रथमच कपिलवस्तूला आले, तेव्हा नंदाचा अभिषेक, गृहप्रवेश आणि लग्न असे तिहेरी मंगलकार्य मांडलेले होते. नवरी होती जनपदकल्याणी. या नावाचा अर्थच मुलुखातली सर्वांत देखणी स्त्री. तथागत भिक्षेला आले, त्यांनी आपले पात्र नंदाच्या हाती दिले आणि ते परत न घेताच निघाले. थोरल्या भावाला पात्र घ्या म्हणायचे कसे? जिन्यापाशी घेतील, अंगणात घेतील, असे म्हणत नंद मागे चालत राहिला. नवरीला हे कळले. अर्धेच केस विंचरून झालेल्या अवस्थेत ती बाहेर आली आणि लवकर या, एवढे सांगून गेली. निग्रोधारामात पोचल्यावर तथागतांनी प्रव्रज्या घेणार का, असे विचारले. मन नको म्हणत होते, पण भिडेपोटी नंद हो म्हणाला.

आम्हांला प्रांजळपणे सांगावेसे वाटते, की इथे आमचे मन अडखळते. मांडवातून नवरदेव गेला, मागे राहिलेल्या मुलीने काय करायचे? शुद्धोदनालाही हे सोसले नाही. थोडक्याच दिवसांत राहुललाही दीक्षा मिळाली, तेव्हा तो म्हातारा बाप तथागतांपुढे गेला आणि आईबापांच्या परवानगीवाचून कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असे मागणे त्याने मागितले. ते मान्य झाले. विनयात तो नियम आहे, आणि आजही भिक्खू होऊ पाहणाऱ्याला आईवडिलांची संमती आहे का, हे विचारले जाते. त्यामागे या बापाचे दुःख आहे.

श्रावस्तीच्या जेतवनात नंद राहू लागला, पण त्याचे चित्त कपिलवस्तूतच. चीवर चापूनचोपून नीटनेटके, डोळ्यांत काजळ, हातात चकचकीत पात्र, असा तो एकदा तथागतांपुढे आल्याचे संयुत्त निकायात नोंदले आहे. तथागतांनी त्याला समज दिली. मला चीवर उतरवून घरी जायचे आहे, असे तो सोबत्यांना उघड सांगू लागला. कारण विचारले तेव्हा त्याने तेच सांगितले, ती अर्धे विंचरलेले केस आणि जाताना तिने टाकलेली नजर.

जरा विचार करून बघा. तिच्यासोबत त्याने एक दिवसाचाही संसार केला नव्हता. तिचे रुसणे, दुखणे, घरातली भांडणे, यातले काही पाहिले नव्हते. त्याच्याजवळ होती एका क्षणाची आठवण, आणि तिच्यावर त्याने मनातल्या मनात अख्खे घर बांधले होते. त्या घरामुळे जेतवनातला दिवस गोड लागेना आणि कपिलवस्तूही हाती येईना.

मग उदान ग्रंथातली प्रसिद्ध कथा येते. तथागतांनी त्याचा हात धरून त्याला तावतिंस देवलोकात नेले आणि पारव्यासारख्या गुलाबी पायांच्या पाचशे अप्सरा दाखवल्या. बाबासाहेबांनी बुद्धीला पटेल ते बुद्धवचन, ही कसोटी आपल्या हाती दिली आहे. म्हणून स्वर्गाची ही सहल कोणी शब्दशः घेऊ नये. मनात काय चालते, त्याचे हे चित्र आहे. आणि चित्र किती अचूक! यांच्यापुढे जनपदकल्याणी कशी वाटते, असे विचारल्यावर नंद म्हणाला, नाक-कान कापलेल्या माकडिणीसारखी. जी काल जगात सर्वांत सुंदर होती, तिच्यात रात्रीतून काय बिघडले? काहीच नाही. याची अपेक्षा तेवढी वर चढली. आपल्या पोराचे पंच्याहत्तर टक्के शेजारच्याचे नव्वद कळेपर्यंत किती छान असतात, नाही का?

नीट साधना केलीस तर या अप्सरा मिळतील, मी जामीन राहतो, असे तथागतांनी सांगितले. नंद झटून साधनेला लागला. इतर भिक्खूंना हे कळल्यावर त्यांनी त्याला मोलाने लावलेला गडी, रोजंदार म्हणून हिणवायला सुरुवात केली. रोजंदारीवर कामे केलेल्या आपल्या लोकांना त्या शब्दातली बोच वेगळी सांगायला नको. नंद लाजला. एकटा राहिला, खपला आणि अर्हत झाला. मग पहाटे तो तथागतांकडे गेला आणि तुम्ही त्या जामीनकीतून मोकळे, असे सांगून आला. तथागतांनी उत्तर दिले, की तुझे चित्त मोकळे झाले तेव्हाच मीही सुटलो.

धम्मपदाच्या यमकवग्गातील १३ आणि १४ या गाथा नंदाला उद्देशून आहेत, असे अट्ठकथा सांगते. न शाकारलेल्या घराचा दाखला त्यात आहे. पत्र्याखाली आणि गळक्या कौलांखाली पावसाळे काढलेल्यांना तो लगेच कळतो. इंद्रियांची दारे राखणाऱ्यांत पहिला मान पुढे नंदालाच मिळाला. तो तथागतांपेक्षा फक्त चार बोटे ठेंगणा होता. लांबून येताना पाहून थेर भिक्खू तथागतच आले समजून उठून उभे राहत, असे विनयात आहे.

आणि जनपदकल्याणी? तीही पुढे भिक्खुणी संघात आली, असे धम्मपदाची अट्ठकथा सांगते. अश्वघोषाने या दोघांवर ‘सौंदरनंद’ हे संस्कृत महाकाव्य लिहिले. त्यात तिचे नाव सुंदरी आहे आणि तिच्या वाट पाहण्याला पुष्कळ जागा दिली आहे. अजिंठ्याला गेलात तर १६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीशी जरूर थांबा. पाचव्या शतकातले ते चित्र ‘मरणासन्न राजकन्या’ या नावाने दाखवले जाते. अभ्यासकांच्या मते ती सुंदरी आहे. नंदाचा मुकुट घेऊन माणूस आला आहे आणि तो पाहून तिची मान कलली आहे. दासींनी तिला सावरून धरले आहे. रंग बराच उडाला आहे, पण मान अजून दिसते.