हॅना मार्शमन

हॅना मार्शमन (माहेरचे नाव: हॅना शेफर्ड) (१३ मे, इ.स. १७६७ - ५ मार्च, इ.स. १८४७) या बंगालमधील सेरामपूर येथे कार्य केलेल्या इंग्लिश मिशनरी व शिक्षिका होत्या. बॅप्टिस्ट धर्मोपदेशक व चिनी भाषेचे अभ्यासक जोशुआ मार्शमन यांच्या त्या पत्नी. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे तिघे 'सेरामपूरचे त्रिकूट' म्हणून प्रसिद्ध आहेत. या त्रिकुटाच्या संस्था ज्या सामायिक निधीवर चालत, त्यातील मोठा वाटा हॅना व त्यांच्या पतीने चालविलेल्या शाळांतून येत असे. भारतातील पहिल्या स्त्री मिशनरी म्हणून त्यांचा अनेक ठिकाणी उल्लेख होतो.

प्रारंभिक जीवन

हॅना यांचे वडील जॉन शेफर्ड हे शेतकरी, तर आईचे नाव रेचेल होते. आजोबा जॉन क्लार्क हे विल्टशायर परगण्यातील क्रॉकर्टन येथील बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. त्यामुळे पंथाची शिस्त, प्रार्थना व वाचन यांचा संस्कार त्यांना घरातूनच मिळाला. हॅना आठ वर्षांच्या असताना त्यांच्या आईचे निधन झाले.

बॅप्टिस्ट पंथात तान्ह्या मुलास बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या वयात स्वतः विश्वास प्रकट करणाऱ्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला जातो. एखाद्याचा विश्वास खरा आहे की नाही, याची परीक्षा मंडळीतील वडीलधारी मंडळी कसोशीने घेत. हॅना यांचे भावी पती जोशुआ यांना या कसोटीचा अनुभव आला. वेस्टबरी ली या गावात विणकरी करणारे जोशुआ विलक्षण वाचनवेडे होते. त्यांचे धर्मज्ञान बुद्धीतच फार आहे, अंतःकरणात किती आहे याची खात्री नाही, असे म्हणून गावच्या मंडळीने त्यांचा बाप्तिस्मा अनेक वर्षे लांबणीवर टाकला.

इ.स. १७९१ मध्ये हॅना व जोशुआ यांचा विवाह झाला. इ.स. १७९४ मध्ये हे दांपत्य ब्रिस्टल शहरात आले. तेथील ब्रॉडमीड बॅप्टिस्ट मंडळीच्या धर्मादाय शाळेत जोशुआ यांना शिक्षकाची जागा मिळाली व त्याच मंडळीत त्यांचा बाप्तिस्माही झाला. याच वर्षी त्यांचा पुत्र जॉन क्लार्क याचा जन्म झाला. आईच्या आजोळचे नाव त्याला देण्यात आले.

सेरामपूर येथे आगमन

विल्यम केरी इ.स. १७९३ मध्ये बंगालमध्ये आले होते. त्यांच्या कार्याचे वृत्तांत वाचून मार्शमन दांपत्याने भारतात जाण्याचा निश्चय केला. मे १७९९ मध्ये 'क्रायटेरियन' या अमेरिकन जहाजातून ते मुलांसह निघाले. विल्यम वॉर्ड, विल्यम ग्रांट आणि डॅनियल ब्रन्सडन हे सहकारी त्याच जहाजात होते. फ्रान्सशी युद्ध चालू असल्याने सागरी हल्ल्याचे भय होते, तरी १३ ऑक्टोबर १७९९ रोजी ही मंडळी हुगळी नदीकाठच्या सेरामपूर येथे सुखरूप उतरली. या गावास श्रीरामपूर असेही म्हणतात. महाराष्ट्रातील श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही.

ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा मिशनऱ्यांना आपल्या मुलखात येऊ देत नसे. सेरामपूर ही डेन्मार्कची वसाहत असल्याने व तेथील गव्हर्नर ओले बी यांनी अभय दिल्याने या मंडळींनी तेथेच मुक्काम केला. जानेवारी १८०० मध्ये केरीही सहकुटुंब तेथे येऊन मिळाले.

पहिली दोन वर्षे अत्यंत कठीण गेली. आगमनानंतर तीन आठवड्यांच्या आतच ग्रांट मरण पावले. इ.स. १८०० मध्ये जॉन फाउंटन आणि इ.स. १८०१ मध्ये ब्रन्सडन व जॉन टॉमस यांचे निधन झाले. आलेल्यांपैकी इतकी माणसे दगावल्यावर उरलेल्या कुटुंबांवर विधवांचा, मुलांचा आणि संस्थेचा असा तिहेरी भार पडला.

निवासी शाळा

१ मे १८०० रोजी हॅना व जोशुआ यांनी सेरामपूर येथे मुलांसाठी व मुलींसाठी अशा दोन निवासी शाळा उघडल्या. या शाळा प्रामुख्याने कंपनीच्या नोकरीतील व व्यापारातील युरोपीय कुटुंबांच्या मुलांसाठी होत्या. पालकांना मुले शिक्षणासाठी सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाने इंग्लंडला पाठवावी लागत. जवळच चांगली शाळा मिळाल्याने विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढली. मुलींची शाळा हॅना यांच्याकडे होती. शिकविण्याबरोबरच मुलींचे जेवणखाण, आजारपण आणि वर्तन यांवरही त्यांची देखरेख असे. काही वर्षांतच या शाळांचे उत्पन्न वर्षाला सुमारे हजार पौंडांपर्यंत गेले. त्यानंतर लवकरच गावातील बंगाली मुलांसाठी विनाशुल्क शाळाही सुरू करण्यात आली.

सेरामपूरची सर्व कुटुंबे एका आवारात राहत व एकत्र जेवत. कोणी खाजगी व्यापार करावयाचा नाही, जे मिळेल ते सामायिक निधीत घालावयाचे आणि प्रत्येक कुटुंबाने खर्चापुरती अल्प रक्कम घ्यावयाची, असा नियम होता. केरी यांना इ.स. १८०१ पासून कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मासिक ५०० रुपये वेतन मिळू लागले, तेही याच निधीत जमा होई. कॉलेजचे वेतन, शाळांचे शुल्क आणि वॉर्ड यांच्या छापखान्याची प्राप्ती हे या निधीचे तीन आधार होते. त्यातूनच कागद, टंक, पंडितांचे पगार व नव्या केंद्रांचा खर्च भागविला जाई.

एकत्र राहण्यात कुरबुरी होणारच, हे ओळखून शनिवारची संध्याकाळ आपसांतील मतभेद बोलून मिटविण्यासाठी राखून ठेवलेली होती. हॅना यांची श्रद्धा या दिनक्रमातच व्यक्त होत असे. मोठ्या एकत्र कुटुंबाचा संसार चालविणे हाही त्यांच्या दृष्टीने उपासनेचाच भाग होता.

केरी कुटुंबाची जबाबदारी

केरी यांच्या पत्नी डॉरोथी यांना तीव्र मानसिक आजार जडला होता. भाषांतराच्या कामात बुडालेल्या केरींना चार मुलांकडे लक्ष देणे जमत नव्हते व मुलांना कसलीच शिस्त उरली नव्हती. हॅना यांनी स्वतःच्या मुलांबरोबर या मुलांचाही सांभाळ केला. थोरला फेलिक्स याच्यावर वॉर्ड यांचाही मोठा प्रभाव पडला. पुढे केरींची मुले स्वतः मिशनच्या कार्यात उतरली. डॉरोथी यांचे इ.स. १८०७ मध्ये निधन झाले.

स्त्रियांमधील कार्य

२८ डिसेंबर १८०० रोजी सुतारकाम करणारे कृष्ण पाल यांचा हुगळीच्या घाटावर बाप्तिस्मा झाला. पुढील महिन्यात त्यांची मेहुणी जयमणी यांनी बाप्तिस्मा घेतला. बंगालमधील स्त्रियांत पुरुष मिशनऱ्यांना प्रवेश नसे, त्यामुळे हे काम मिशनमधील स्त्रियांकडेच होते. इ.स. १८०५ मध्ये सेरामपूरच्या मंडळींनी आपल्या कार्याची जी लेखी तत्त्वे ठरविली, त्यांत युरोपीय स्त्रियांनी देशी भाषा शिकून येथील स्त्रियांशी संवाद साधावा, असे नमूद होते. हॅना बंगाली शिकल्या होत्या.

इ.स. १८२० नंतरच्या काळात सेरामपूर परिसरात बंगाली मुलींसाठी शाळा काढण्यात आल्या व त्यांत हॅना यांनी पुढाकार घेतला. बालविवाहाची रूढी आणि शिकलेली मुलगी विधवा होते हा समज, यांमुळे मुली मिळविणे अवघड जाई. आलेली मुलगीही लग्न होताच शाळा सोडीत असे. येशूची शिकवण देणे हा या शाळांचा उघड हेतू होता व त्यामुळेही अनेक कुटुंबे दूर राहिली.

मराठी मुद्रणाशी संबंध

सेरामपूरच्या छापखान्याला मराठी ग्रंथमुद्रणाच्या इतिहासात आरंभीचे स्थान आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या केरींनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठी ग्रंथरचना केली. मराठी भाषेचे व्याकरण व मत्तयाच्या शुभवर्तमानाचे भाषांतर इ.स. १८०५ मध्ये, तर मराठी-इंग्रजी कोश इ.स. १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. कोशासाठी मोडी लिपीचे टंक वापरण्यात आले. 'सिंहासनबत्तिशी' (१८१४) व 'हितोपदेश' (१८१५) ही पुस्तकेही येथूनच निघाली. या ग्रंथांच्या निर्मितीत हॅना यांचा प्रत्यक्ष सहभाग नव्हता. मात्र छापखाना व शाळा एकाच सामायिक निधीची अंगे होती, या अर्थाने मराठीच्या या आरंभीच्या पुस्तकांमागे हॅना यांच्या शाळांचाही आधार होता.

संकटे व मतभेद

ब्रिटिशांनी इ.स. १८०१-०२ आणि पुन्हा इ.स. १८०८ ते १८१५ या काळात सेरामपूर आपल्या ताब्यात घेतले होते. ११ मार्च १८१२ रोजी छापखान्यास आग लागून कागद, टंक व कित्येक हस्तलिखिते भस्मसात झाली. शाळा मात्र अखंड चालू राहिली.

आगीपेक्षा अधिक मनस्ताप सहधर्मीयांशी झालेल्या वादाने दिला. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांना सेरामपूरची शिस्त जाचक वाटू लागली व ते वेगळे होऊन कोलकात्यास गेले. मार्शमन कुटुंब संपन्न होत असल्याचे आरोप इंग्लंडमध्ये झाले. सामायिक निधीची मालमत्ता कोणाच्या अधिकारात असावी, या प्रश्नावरून इ.स. १८२७ मध्ये सेरामपूर मिशन आणि इंग्लंडमधील मातृसंस्था यांची फारकत झाली. जोशुआ या काळात बाजू मांडण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. आयुष्यभराची मिळकत निधीत घालणाऱ्या कुटुंबावर धनलोभाचा ठपका यावा, हा हॅना यांच्या जीवनातील एक कटू प्रसंग होय.

कुटुंब

मार्शमन दांपत्यास बारा अपत्ये झाली, त्यांपैकी केवळ पाच पित्याच्या निधनानंतर हयात होती. पुत्र जॉन क्लार्क यांनी इ.स. १८१८ मध्ये सुरू झालेल्या 'समाचार दर्पण' या बंगाली साप्ताहिकाचे संपादन केले व पुढे केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांचे चरित्र लिहिले. आईचेच नाव असलेली कन्या हॅना हिचा विवाह इ.स. १८२९ मध्ये पुढे सेनापती म्हणून गाजलेल्या हेन्री हॅवलॉक यांच्याशी झाला. इ.स. १८३६ मध्ये मसुरीजवळील लंढोर येथे या कन्येच्या बंगल्यास आग लागली. ती गंभीर भाजली व तिचे तान्हे मूल दगावले. या धक्क्यातून जोशुआ सावरले नाहीत.

अखेरची वर्षे

वॉर्ड इ.स. १८२३ मध्ये व केरी इ.स. १८३४ मध्ये निवर्तले. डिसेंबर १८३७ च्या पहिल्या आठवड्यात जोशुआ यांचे सेरामपूर येथे निधन झाले. त्याच आठवड्यात लंडनमध्ये सेरामपूर मिशन व मातृसंस्था यांच्या पुनर्मीलनाचा करार झाला. समुद्रमार्गे ही वार्ता पोहोचली, तेव्हा ती ऐकण्यास त्रिकुटापैकी कोणीही उरले नव्हते.

हॅना यांनी वैधव्याची वर्षे सेरामपूर येथेच काढली. इ.स. १८४५ मध्ये डेन्मार्कने ही वसाहत ईस्ट इंडिया कंपनीला विकली. ज्या डॅनिश निशाणाच्या आश्रयाने त्या इ.स. १७९९ मध्ये तेथे उतरल्या होत्या, ते उतरलेलेही त्यांच्या हयातीतच घडले. ५ मार्च १८४७ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी सेरामपूर येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

हॅना यांच्याआधीही युरोपीय मिशनऱ्यांच्या पत्नी भारतात आल्या होत्या, त्यामुळे 'पहिल्या स्त्री मिशनरी' हे बिरुद केवळ कालक्रमावर टिकत नाही. पतीची सहचारिणी एवढ्यापुरती ओळख न राहता, स्वतःची शाळा चालवून त्या उत्पन्नावर संस्था उभी ठेवणारी व स्थानिक स्त्रियांत काम करणारी मिशनरी, या अर्थाने ते त्यांना शोभते. सेरामपूरचा इतिहास दीर्घकाळ तीन पुरुषांच्या नावे सांगितला गेला. केरी व वॉर्ड यांच्या ग्रंथांवर त्यांची नावे छापलेली आहेत, तर हॅना यांचे काम शाळेच्या हिशेबांत आणि त्यांनी वाढविलेल्या मुलांत राहिले. अलीकडील अभ्यासक मात्र या कार्यातील त्यांचा वाटा स्वतंत्रपणे नोंदवू लागले आहेत.