मीनाकुमारीचा जीव घेणारा लिव्हर सिरोसिस नेमका काय असतो?

३ फेब्रुवारी १९७२. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरमध्ये 'पाकीजा'चा प्रीमियर होता. दहा वर्षांहून जास्त काळ रखडलेला सिनेमा अखेर पडद्यावर आला होता आणि त्याची नायिका मीनाकुमारी आजारी असूनही तो बघायला आली होती. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत, ३१ मार्चला ती गेली. वय ३८. कारण लिव्हर सिरोसिस.

तिच्या मृत्यूची गोष्ट सांगताना मोडलेलं लग्न, एकटेपणा आणि दारू एवढंच सांगितलं जातं. यकृताबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज तिचं आयुष्य जरा त्या बाजूने बघूया.

तिचं मूळ नाव महजबीन बानो. जन्म १ ऑगस्ट १९३३, दादरचा. वडील अली बक्ष हार्मोनियम वाजवायचे, आई इक्बाल बेगम रंगभूमीवर काम करायची. घरात पैशांची ओढाताण, त्यामुळे मुलीला शाळेऐवजी स्टुडिओत नेलं गेलं. विजय भट्ट यांच्या 'लेदरफेस'मध्ये ती पहिल्यांदा दिसली ते साल १९३९. भट्टांच्या प्रकाश पिक्चर्सचा स्टुडिओ अंधेरीला होता. बेबी मीना हे नाव तिला भट्टांनीच दिलं आणि 'बैजू बावरा'ची नायिकाही त्यांनीच केलं. १९५२ च्या त्या सिनेमासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिलीच.

त्याआधी एक अपघात झाला होता. मे १९५१ मध्ये महाबळेश्वरहून परतताना गाडीला अपघात झाला आणि ती पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. डाव्या हाताच्या करंगळीला कायमची इजा झाली. पुढच्या सिनेमांत तो हात ओढणीत किंवा पदरात का असतो, ते आता लक्षात येईल. ससूनमध्ये तिला भेटायला येणाऱ्यांत दिग्दर्शक कमाल अमरोही होते. १४ फेब्रुवारी १९५२ ला दोघांनी गुपचूप लग्न केलं, १९६४ मध्ये ते वेगळे झाले. अमरोहींचा कमालिस्तान स्टुडिओही अंधेरी पूर्वेलाच, महाकाली लेण्यांच्या रस्त्याला होता.

तिला झोप लागत नसे. तिची चरित्रं सांगतात की झोप यावी म्हणून एका डॉक्टरने तिला रात्री थोडी ब्रँडी घ्यायला सांगितली. पुढे थोडी हा शब्द गळाला. आजही सर्दीला ब्रँडी आणि झोपेला एक पेग सुचवणारी माणसं घरोघरी आहेत. दारूने गुंगी येते, पण झोप तुटक होते आणि हळूहळू तेवढ्या दारूने भागेनासं होतं.

१९६२ मध्ये 'साहिब बीबी और गुलाम' आला. त्यातली छोटी बहू नवऱ्याला घरात थांबवण्यासाठी दारू प्यायला शिकते. भूमिका मीनाकुमारीची, आवाज गीता दत्तचा. त्या सिनेमानंतर मीनाकुमारी आणि छोटी बहू लोकांच्या मनात एक होऊन गेल्या. आजारासाठी ते वाईटच झालं, असं मला वाटतं. कारण तिची दारू ही एक शोकांतिका ठरली आणि तिच्यावर उपचार होऊ शकतात हे बाजूला राहिलं.

आता यकृताकडे येऊ. यकृताला सूज येणं म्हणजे हिपॅटायटिस. आपल्याकडे सगळ्यालाच कावीळ म्हणतात. खरं तर कावीळ हे लक्षण आहे. रक्तातलं बिलिरुबिन वाढलं की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. सोबत मळमळ, थकवा, भूक मरणं, उजव्या बरगडीखाली दुखणं. पावसाळ्यात मुंबईत जी कावीळ पसरते ती बहुतेक हिपॅटायटिस ए किंवा ई. ही दूषित पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून येते आणि बहुतेकांची आपोआप बरी होते. गरोदर बाईला मात्र ई जिवावर बेतू शकतो. बी आणि सी रक्तातून, न उकळलेल्या सुयांतून, बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही पोचतो. हे दोन शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतात. डी फक्त बी असलेल्यालाच होतो. आणि विषाणू नसतानाही सूज येते, त्याचं मोठं कारण दारू.

सूज येत राहिली की यकृतात जखमा भरताना व्रण पडत जातात. मऊ यकृत कडक, गाठीगाठींचं होतं. हाच सिरोसिस. त्यातून रक्त नीट पुढे सरकत नाही, मग पोटात पाणी साठतं, म्हणजे जलोदर होतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात, रक्ताची उलटी होते. यकृत गाळू न शकलेली द्रव्यं मेंदूत जाऊन माणूस बरळायला लागतो, शेवटी कोमात जातो. बराच काळ काहीच दिसत नाही, हा यातला घातक भाग. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं आणि यकृत कमी वर्षांत बिघडतं. सिरोसिस फक्त पिणाऱ्यांना होतो असंही नाही. 'कुली'च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी झाला आणि यकृताचा मोठा भाग गेला, हे अमिताभ बच्चन यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे.

मीनाकुमारीचं निदान १९६८ मध्ये झालं. उपचारासाठी ती लंडनला गेली, डॉ. शीला शेरलॉक यांच्याकडे. यकृताच्या आजारांत त्या काळी जगात यांच्या तोडीचं नाव नव्हतं, त्यांचं १९५५ चं पुस्तक डॉक्टर पिढ्यानपिढ्या वाचत आले. पण शेरलॉकबाईंच्या हातातही तेव्हा काय होतं? मीठ कमी, लघवी वाढवणारी औषधं, विश्रांती आणि दारू पूर्ण बंद. यकृत प्रत्यारोपण जगात नुकतं सुरू झालं होतं, भारतात ते यशस्वी व्हायला १९९८ उजाडलं. हिपॅटायटिस सीचा विषाणू तर १९८९ पर्यंत सापडलाही नव्हता.

तिथे तिला बरं वाटलं. सप्टेंबर १९६८ मध्ये ती परतली आणि डॉक्टरांचा सल्ला बाजूला ठेवून काही दिवसांतच कामाला लागली. बांद्र्याच्या कार्टर रोडवर घर घेतलं. १९६९ मध्ये सुनील दत्त आणि नर्गिस यांच्या पुढाकाराने थांबलेला 'पाकीजा' पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात ती इतकी अशक्त झाली होती की नाचाच्या काही दृश्यांत तिच्या जागी पद्मा खन्ना उभी राहिली. लोकांनी पडद्यावर बघितलं ते यकृत हरत आलेल्या बाईचं काम होतं.

अशा रुग्णाची घरी काळजी घेताना आज काय करतात? जेवण थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, झोपण्याआधीही काहीतरी. पूर्वी प्रथिनं बंद करायचे, आता डाळ, दही, अंडं चालू ठेवायला सांगतात. लोणचं, पापड, फरसाण बंद, कारण मिठाने पाणी साठतं. रोज सकाळी वजन आणि पोटाचा घेर वहीत लिहायचा. शौचाला साफ होईल असं बघायचं, औषध दिलेलं असेल तर ते चुकवायचं नाही. झोपेची गोळी किंवा दुखण्याची गोळी मनाने द्यायची नाही. आणि एक खूण घरच्यांनीच ओळखायची असते. माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागा राहतो, बोलणं विसंगत होतं, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडतात. असं दिसलं, काळी शौच झाली किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका, हॉस्पिटल गाठा. काविळीची माळ घालून, नाकात थेंब टाकून थांबू नका. साधी ए-ईची कावीळ माळेशिवायही उतरते, म्हणून तर माळेचं नाव झालंय.

प्रीमियरनंतर मीनाकुमारीची तब्येत ढासळत गेली. २८ मार्चला तिला सेंट एलिझाबेथ नर्सिंग होममध्ये दाखल केलं. ती कोमात गेली आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात तिला दफन केलं. सुरुवातीला जेमतेम चाललेल्या 'पाकीजा'ला त्यानंतर थिएटरं भरू लागली.

त्याच वर्षी २० जुलैला छोटी बहूचा आवाज असलेली गीता दत्तही मुंबईत गेली. तिचं वय ४१. आजार तोच.