मंगळवेढ्याचे संत दामाजीपंत

पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरांवर मंगळवेढे आहे. कलचुरी राजांचे जुने ठाणे, चोखोबांनी गावकुसाखाली देह ठेवला ते गाव, कान्होपात्रेची जन्मभूमी अशी त्याची ख्याती. पण वाटसरूच्या नजरेत प्रथम भरते ती तिथली काळी, सपाट, दूरवर पसरलेली जमीन. या जमिनीतले सरकारी धान्य ज्यांच्या ताब्यात होते आणि ज्यांनी ते दुष्काळात लोकांना वाटून टाकले, ते दामाजीपंत येथलेच अंमलदार. त्यांचे मंदिर मंगळवेढ्यात आहे. सारा वसूल करणाऱ्या अंमलदाराचे देऊळ गावाने बांधावे, असा योग आपल्याकडे फारसा आलेला नाही.

पंत बेदरच्या बहामनी बादशहाच्या पदरी होते. महालाचा वसूल करावा, सरकारी हिश्शाचे धान्य कोठारात भरावे आणि हिशेब बेदरला रवाना करावा, हे त्यांचे काम. बेदर तेथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. मालक दूर आणि किल्ल्या पंतांच्या कमरेला, अशी स्थिती.

मंगळवेढ्याची शेती मुख्यतः रब्बीची. हस्ताच्या पावसावर जोंधळा पेरायचा. पुढे जमिनीत मुरलेली ओल आणि थंडीतले दव यांवर तो पोसायचा. हस्त कोरडा गेला की वर्षाची भाकरी गेली. म्हणून चांगल्या सालचे धान्य पेवात घालून ठेवण्याची जुनी रीत. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, तळाला व कडेने कडबा-भुसा लावायचा आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. असे धान्य पुष्कळ वर्षे टिकते. पण एकदा तोंड उघडून वारा लागला की ते लवकर संपवावे लागते. पेव चोरून उघडता येत नाही, आणि उघडल्यावर मागे फिरता येत नाही.

दामाजीपंतांचा दुष्काळ कोणता, याविषयी घोटाळा आहे. लोकांच्या तोंडी दुर्गादेवीच्या दुष्काळाचे नाव असते. परंतु तो १३९६ च्या सुमारास सुरू झाला, आणि तेव्हा बहामनींची राजधानी गुलबर्ग्याला होती, बेदरला नव्हे. गॅझेटियरांत पंतांच्या नावाचा दुष्काळ १४६० चा दिला आहे. ते साल धरले तर गादीवर हुमायूनशहा येतो. त्याची कारकीर्द १४५८ ते १४६१ एवढीच, पण क्रूरपणामुळे इतिहासाने त्याला जालीम हे नाव चिकटवले आहे. अशा धन्याचे धान्य विनापरवाना वाटायचे होते!

महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात ही कथा आली आहे. दुष्काळाने गांजलेला पंढरपूरचा एक ब्राह्मण पंतांच्या दारी आला. पंतांनी त्याला पानावर बसवले. अन्न पाहताच त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले; घरी बायकामुले उपाशी होती. पंतांनी पंढरपुराला धान्य धाडले, पण ते भुकेल्या लोकांनी लुटून नेले. लुटणाऱ्यांवर शिपाई घालणे अंमलदाराला अवघड नव्हते. पंतांनी कोठारेच उघडली. माणसे लोटली आणि धान्य संपेपर्यंत वाटप चालले. त्या दिवसांत धान्याचे मोल सोन्याचे झालेले असणार. व्यापाऱ्याला विकून बादशहाचा खजिना भरला असता तर पंतांना शाबासकीच मिळाली असती.

हाताखालच्या कारकुनाने बेदरला कळवले. पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. वाटेत त्यांनी शिपायांकडे एकच सवलत मागितली, पंढरीच्या दर्शनाची. विठ्ठलाचा निरोप घेऊन ते मरणाच्याच तयारीने पुढे निघाले.

इकडे पांडुरंग विठू महार होऊन, काठी-घोंगडी घेऊन बेदरच्या दरबारात उभा राहिला आणि त्याने धान्याची सारी किंमत चुकती केली. गावाचा वसूल सरकारात पोचवणे हे महार वतनदारांचे नित्याचे काम. म्हणून देवाने नेमका तोच वेष घेतला. रक्कम भरल्यावर देवाने पावतीही मागून घेतली, आणि ती पंतांच्या पोथीत निघाली. कीर्तनकार या प्रसंगावर रात्र काढतात, आणि श्रोत्यांना तो कितीही वेळा ऐकला तरी पुरत नाही. यात एक बारकावा मात्र घाईत निसटतो. कोठारे उघडली त्या दिवशी पंतांना या पावतीची काहीच कल्पना नव्हती. धान्य वाटले ते आपली मान देण्याच्या हिशेबाने.

बादशहाने सन्मान केला, तरी पंत कचेरीत परत बसले नाहीत. आपल्यासाठी देवाला शीण पडला, या खंतीने त्यांनी चाकरी सोडली आणि पुढचे आयुष्य विठ्ठलाच्या भजनात घालवले.

मंगळवेढ्यात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, सहकारी साखर कारखानाही आहे. ऊस आला तरी काळ्या रानातला जोंधळा हटला नाही. तिथली मालदांडी ज्वारी तिच्या चवीसाठी आणि कडब्यासाठी नावाजलेली, आणि २०१६ मध्ये मंगळवेढा ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. हस्त बरसला की तिथे आजही तिफणी जुंपल्या जातात.