पंडिता रमाबाई : गरीब मुलींना उत्तम विद्या देणारी माउली



ज्या घरात फीचे पैसे नाहीत, तेथील मुलांना केवळ अक्षरओळख द्यावी की उत्तम विद्या? आपल्या सीमाभागातील शाळांपुढे हा प्रश्न नेहमी असतो. पंडिता रमाबाईंनी त्याचे उत्तर स्वतःच्या जीवनातून दिले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्याच आईकडून रमाबाई संस्कृत शिकल्या. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब जगत असे. पुढे दुष्काळात आई-वडील गेले. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंनी स्वतः अनुभवले होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण १८८२ मध्ये पती वारले. कन्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या व आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर अमेरिकेत बालशिक्षणाची पद्धत अभ्यासली, विधवांच्या शाळेसाठी मदत जमवली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. पुढे ते पुण्यास नेले. मुली ख्रिस्ती होतील या शंकेने १८९३ मध्ये अनेक पालकांनी त्यांना काढून नेले. रमाबाई खचल्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावच्या 'मुक्ती' संस्थेत ठेवल्या. येथे जात विचारली जात नव्हती. अभ्यासाबरोबर शेती, विणकाम, छपाई शिकवली जाई. त्यामुळे शिक्षण फुकट मिळाले, तरी मुली लाचार झाल्या नाहीत.

रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले. खेड्यातील बाईलाही समजावे म्हणून भाषा मुद्दाम सोपी ठेवली. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुली त्यांच्याच संस्थेत वाढलेल्या होत्या. हे छपाईचे काम १९२४ मध्ये पूर्ण झाले.

आपल्या भागाशीही त्यांचे नाते आहे. १९१२ च्या सुमारास निजामाच्या राज्यातील गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी येथे त्यांनी शाळा सुरू केली व मनोरमाबाईंनी ती सांभाळली. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

गरिबांसाठी स्वस्त आणि कमी दर्जाचे शिक्षण पुरे, असे रमाबाईंनी कधी मानले नाही. विश्वस्तांनी फीसवलतीचा विचार करताना आणि पालकांनी मुलीची शाळा सोडवण्यापूर्वी हे चरित्र जरूर आठवावे.

— मुख्याध्यापक