नाटक मंडळीत घडलेले केशवराव भोसले

गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी स्नेहसंमेलनाचे नाटक बसू लागले की प्रत्येक मुलाला रंगमंचावर जावयाचे असते; पडदा ओढावयास कोणी पुढे येत नाही. अशा मुलांना आम्ही संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे चरित्र सांगू इच्छितो.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. पितृछत्र लवकर हरपले आणि बालवयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. मंडळी हीच त्यांची शाळा ठरली. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पोटासाठी एवढ्याशा मुलाने रात्र रात्र जागून गावे, ही गोष्ट आम्हास अभिमानाची वाटत नाही. तरीही तेथे ते केवळ गाणेच शिकले नाहीत, हे पुढे दिसून आले. वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, १ जानेवारी १९०८ रोजी त्यांनी हुबळी येथे ललितकलादर्श मंडळी स्थापिली. देखावे, पडदे व वेशभूषा यांकडेही या मंडळीने कसोशीने लक्ष पुरविले. टाळ्या मिळविणाऱ्या नटास हे सहसा सुचत नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी एकाच रंगमंचावर! त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, अवघ्या ३१ व्या वर्षी केशवरावांचे निधन झाले. मंडळी बापूराव पेंढारकरांनी पुढे चालविली. कोल्हापूरचे त्यांच्या नावाचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्याच दिवशी त्यांची जयंती होती.